खंडेनवमीचे हात

शालन मोरबाळेनं वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी कॉम्प्युटर घेतला तो सूड उगवायला. दुसरं काहीही कारण नव्हतं. दुकानदारानं विचारलं, "कुणासाठी मावशी?" तेव्हा "भाचेसुनेसाठी" असं सांगून ती मोकळी झाली. भाच्याचं अजून लग्नच झालेलं नव्हतं, पण दुकानदाराला त्याच्याशी काय करायचंय!

कॉम्प्युटर जुना होता, कुठल्याशा शाळेनं मोडीत काढलेला. तो तिनं जेवायच्या टेबलावर मिक्सरच्या शेजारी मांडला आणि पुढ्यात एक पांढरा खोका ठेवला. खोक्यावर लिहिलं होतं, 'छोटा कुशल : रोबोटिक्स प्रोग्रामिंगची पहिली पायरी'. आत वीतभर उंचीची यांत्रिक हातांची जोडी, एक बोर्ड, वरून बघणारा इवलासा कॅमेरा, एक केबल, सरावासाठी लोखंडी कडं, तार दाबायची पट्टी आणि पुस्तिका. 'प्रभंजन पंप्स' कंपनीनं असे खोके वाचनालयांना फुकट वाटले होते. शालननं आपल्या कार्डावर तो तीन महिन्यांसाठी घरी आणला. झाकणावर कंपनीचा मुख्य इंजिनिअर रणधीर चौगुले हसत उभा होता. शालननं पहिलं काम कुठलं केलं असेल, तर गरम चहाचा कप बरोब्बर त्या फोटोच्या तोंडावर ठेवला.

रणधीर तिचा भाचा. सख्ख्या बहिणीचा मुलगा. बहीण गेली तेव्हा चार वर्षांचा होता. शालननं लग्न केलं नाही, त्याला वाढवला. प्रभंजनच्या वाइंडिंग खात्यात अठ्ठावीस वर्षं बसून तिनं पंपाच्या मोटारींत तांब्याची तार भरली आणि पोराला इंजिनिअर केला. तो त्याच कंपनीत साहेब होऊन आला, तेव्हा हिनं अख्ख्या खात्याला पेढे वाटले होते. ते पेढे आठवले की आता तिला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटायचं.

काम तसं नाजूक. मोटारीच्या पोटात एक लोखंडी कडं असतं, स्टेटर म्हणतात त्याला. त्याला आतून खाचा असतात आणि त्या खाचांत बारीक तारेची वेटोळी दाबून बसवायची असतात. तारेवरचा मुलामा एवढासा जरी खरवडला, तरी मोटार जळते. मोठ्या, ठरावीक मापाच्या मोटारी यंत्रं कधीचीच भरत होती. पण अडचणीच्या, दाट खाचांच्या मोटारींना बायकांचीच बोटं लागत. कुठं ओढायचं, कुठं सैल सोडायचं, हे कागदावर लिहून देता येत नाही. शालनसकट एकोणचाळीस बायका हे काम करत, आणि शालन त्यांतली सगळ्यांत जुनी.

गेल्या वर्षी रणधीर तारांनी भरलेले मोजे घेऊन आला. "मावशी, नव्या मुलींना शिकवायला फिल्म करायचीय. हे हातांत घाल आणि रोजचं काम कर. बास."

गळ्यात बटणाएवढा कॅमेरा, हातांत ते मोजे. सहा महिने तिनं तसं काम केलं. शेवटचा दिवस खंडेनवमीचा होता. त्या दिवशी खात्यात हत्यारांची पूजा व्हायची. प्रत्येक टेबलावरच्या स्टेटरला हळदीकुंकू, झेंडूचं फूल. कात्री आणि तार दाबायची फायबरची पट्टी खाली ठेवायची, हात जोडायचे. त्यानंतर हत्याराला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, सगळ्याजणी अर्ध्या तासासाठी यायच्या, मिळून हत्यारं उचलायच्या, एकेक वेटोळं भरायच्या, आपट्याची पानं वाटायच्या आणि घरी जायच्या.

"मोजे राहू दे मावशी, पूजापण येऊ दे फिल्ममध्ये," रणधीर म्हणाला आणि जेवायला गेला तो परतलाच नाही. शालन चार तास मांडीवर हात ठेवून बायकांशी गप्पा मारत बसली. मोजे चालूच.

दसऱ्याला बायका नव्या साड्या नेसून, आपट्याची पानं घेऊन आल्या, तर फाटकाला कुलूप आणि कुलपाशेजारी कागद. वाइंडिंग खातं बंद. आतून यंत्रांची घरघर ऐकू येत होती. अडतीस बायकांनी शालनकडे वळून बघितलं. मोजे हिच्या हातांत, इंजिनिअर हिचा भाचा! राजाक्का कांबळे तिची वीस वर्षांची टेबलशेजारीण, एका डब्यात जेवणारी. ती पुढं आली आणि एवढंच म्हणाली, "आमचे हात इकलेस गं शालन."

त्यानंतर गल्लीतली एकही बाई तिच्या उंबऱ्यात आली नाही. संक्रांतीला तिनं तिळगूळ करून ठेवला होता. त्याला मुंग्या लागल्या.

---

तर सूड. पण कॉम्प्युटरला सूडबीड कळत नाही, त्याला पायऱ्या कळतात. पुस्तिका म्हणाली, जुनं सगळं पुसा आणि नवी प्रणाली चढवा. पेनड्राइव्ह लावून तिनं ती चढवली. अर्धा दिवस गेला. मग पासवर्ड. मग हात चालवायचा प्रोग्राम. तो चढला आणि म्हणाला, 'या वापरकर्त्याला पोर्ट वापरण्याची परवानगी नाही.'

"आं? माझ्या घरात मलाच परवानगी न्हाई?" शालन पडद्यावर खेकसली.

पुस्तिकेच्या बाविसाव्या पानावर त्यावरची आज्ञा होती. एकेक अक्षर शोधत तिनं ती टाइप केली. परवानगी मिळाली. मग पडद्यावर आलं, 'उपकरण सापडले नाही.' चार दिवस तेच. बंद करा, चालू करा, काढा, लावा. हातांवरचा हिरवा दिवा लागत होता, म्हणजे वीज पोचत होती. पण कॉम्प्युटरला काही ते हात दिसेनात. पाचव्या दिवशी तिच्या डोक्यात सणक गेली. तिनं जुना मीटर काढला आणि अठ्ठावीस वर्षं मोटारींची तपासली तशी त्या केबलची तार न् तार तपासली. आत चार तारा पाहिजेत. दोन विजेच्या, दोन बोलण्याच्या. बोलण्याच्या दोन नव्हत्याच! निव्वळ चार्जिंगची केबल खोक्यात घातली होती मेल्यांनी.

"वाटलंच," ती म्हणाली. "रणूची कंपनी. देणार काय, तर मुकी तार." कोपऱ्यावरच्या दुकानातून तिनं चांगली केबल आणली.

पडद्यावर आलं, 'उपकरण जोडले गेले.' मग तिनं आयुष्यातला पहिला प्रोग्राम लिहिला. तीन ओळींचा. 'उठ. काम सुरू कर. थांब.'

छोटे हात उठले. पण कामाला लागण्याआधी उजव्या हातानं टेबलाला स्पर्श केला, तसाच वर गेला, हवेत एका जागी टेकल्यासारखा थांबला आणि खाली आला. मग पट्टी उचलली. उचलताना करंगळी बाकी बोटांपासून वेगळी, बाहेर वाकलेली राहिली.

शालननं खुर्ची घट्ट धरली. कामाला बसताना टेबलाला हात लावून कपाळाला लावायचा, ही तिची सवय. करंगळी तिची, एकविसाव्या वर्षी विहिरीच्या रहाटात सापडून वाकडी झालेली. त्या यंत्राची करंगळी मोडलेली नव्हती आणि कपाळ तर नव्हतंच. हे तिचे हात होते. तिला रडू आलं, आणि रडू येतंय याचाच इतका संताप आला की तिनं कॉम्प्युटरचं बटणच दाबून टाकलं.

---

पुस्तिकेची शेवटची पानं मुलांसाठी होती, पण शालननं ती तीनतीनदा वाचली. जुन्या यंत्राला माणूस नियम सांगायचा. एवढं पुढं जा, एवढं वळ. कुशलला, मग तो खोक्यातला छोटा असो की कारखान्यातला मोठा, कुणी नियम सांगत नाही. माणसाला काय दिसलं आणि त्यावर त्याच्या हातांनी काय केलं, अशा लाखो जोड्या त्याच्यापुढं ओततात. पुन्हा तसं काही दिसलं की हे हात तसंच करतात. यातलं काम कुठलं आणि सवय कुठली, हे त्याला ठाऊक नसतं. रोज जे दिसतं तेही त्यात मिसळत जातं, आणि ते पानासारखं फाडून वेगळं काढता येत नाही; पिठात मीठ मळल्यावर ते निवडून काढता येत नाही, तसंच. पुसायचं तर सगळं पुसावं लागतं.

गुढीपाडवा आला. घरात नवं यंत्र आहे, त्याला हळदीकुंकू नको? मनात राग असला म्हणून काय झालं! शालननं कॉम्प्युटरला बोट लावलं, हातांना लावलं आणि सरावाच्या लोखंडी कड्यालाही कुंकू लावून झेंडूचं फूल ठेवलं. मग प्रोग्राम चालू केला.

हातांनी कड्याकडे रोख धरला, पट्टी हळूच खाली ठेवली, एकमेकांना जुळले आणि मग टेबलावर पालथे पडून राहिले.

तिला वाटलं, परत केबल. मीटर लावला, केबल ठीक. कुंकू पुसलं, फूल काढलं. हात जागचे हलेनात. बंद करून चालू केले. त्यांना मागचं आठवत होतं, पडूनच राहिले. अकरा दिवस तिनं नाना उपाय केले. आपट्याचं पान दाखवलं, स्वतः पट्टी उचलून दाखवली. काही नाही. बाराव्या दिवशी 'सर्व स्मृती पुसा' हे बटण दाबलं, तेव्हा हात उठले, पण टेबल कुठं आहे हेही विसरून गेलेले. ते परत शिकवण्यात एक दुपार गेली.

आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. ती स्वयंपाकघरात एकटीच मोठ्यांदा हसली.

---

चार दिवसांनी रणधीर स्वतःहून आला. हातात पेढ्यांचा पुडा.

"मावशी, अक्षय तृतीयेला परदेशी पाहुणे येतायत. चोवीस जोड्यांची नवी लाइन बघायला. सौदा झाला की आपली यंत्रं जगभर जातील. मालकांची इच्छा आहे, पूजा तुझ्या हातून व्हावी. वर्तमानपत्रवाले त्या बायकांचं काहीबाही छापतायत ना, जुनी कामगार बाई पूजा करतेय असा फोटो आला की बरं दिसेल."

तेवढ्यात त्याला कॉम्प्युटर दिसला. "अरे वा! मावशी, तू आणि प्रोग्रामिंग?" तो मनापासून हसला. "काही अडलं तर विचार हं."

"विचारते की," शालन म्हणाली. "ते हात कामाआधी उगाच वर का जातात रे?"

"ते होय! गोंगाट आहे तो डेटातला. काढून बघितला, पण तो काढला की पुढचं कामच बिघडतं. म्हणून ठेवलाय."

"गोंगाट व्हय." तिनं पेढा बाजूला सारला. "आणि त्यांची आठवण पुसली गेली तर?"

"मोठ्या लाइनची? तीन महिने जातील परत बसवायला. आणि प्रतही नाही. आमच्या मालकांना, इंगवलेसाहेबांना भीती, कुणी चोरून नेईल म्हणून."

चोराला चोरीची भीती! शालनच्या ओठांवर आलं होतं, तिनं गिळलं. आता एक शेवटची संधी. तिनं याला न्हाऊमाखू घातलं होतं, गोवरात सात दिवस मांडीवर घेऊन बसली होती. ह्याच्यावाचून तिला रक्ताचं कुणी नव्हतं.

"रणू, एक मागते. त्या बायकांना एकदा सांग, शालनला ठाऊक नव्हतं. तिला मी फसवलं. राजाक्का दारावरनं जाते, मान फिरवून. एवढं कर, मी जन्मात काही मागणार नाही."

रणधीरनं घड्याळाकडे बघितलं. "मावशी, झालं गेलं ते कशाला उकरायचं? आणि लेखी-तोंडी काही कबूल केलं तर कंपनी अडचणीत येते. लोक विसरतात गं. पूजेला येतेस ना?"

"येते की," शालन म्हणाली. "न्हाई कशी येणार?"

---

अक्षय तृतीयेला ती विनाचालक बसमधून उतरली, नऊवारी नेसून, हातात पूजेचं ताट घेऊन. जुन्या वाइंडिंग खात्याची जागा काचेसारखी चकचकीत झाली होती. चोवीस टेबलं, चोवीस जोड्या हात, प्रत्येकीपुढं एक स्टेटर. तिची बसायची जागा तिसऱ्या खांबाशी होती. तिथं आता अकरा नंबरची जोडी होती.

रणधीर पाहुण्यांना इंग्रजीतून समजावत होता. शालन टेबलामागून टेबल पुढं सरकली. हातांना हळदीकुंकू, आणि पुढ्यातल्या स्टेटरलाही हळदीकुंकू. वर झेंडूचं टपोरं फूल. फोटोग्राफर म्हणाला, "छान, मावशी, इकडं बघा." तिनं बघितलंही.

"अँड नाऊ," रणधीर म्हणाला आणि बटण दाबलं.

चोवीस उजवे हात टेबलांना लागले, वर गेले, नसलेल्या कपाळांना टेकले. खाली आले. पट्ट्या उचलल्या. स्टेटरकडे वळले. चोवीस पट्ट्या हळूच खाली ठेवल्या गेल्या आणि चोवीस जोड्या हात जोडून उभ्या राहिल्या.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं, हा आपल्या स्वागताचा कार्यक्रम. मालक इंगवलेसाहेबही हसले. हात खाली आले, टेबलावर पालथे पडले. टाळ्या थांबल्या. एक मिनिट गेलं. दोन गेली. कुणीतरी खोकलं. इंगवलेसाहेबांचं हसू तसंच राहिलं, पण डोळे रणधीरला शोधू लागले.

रणधीरनं बंद केलं, चालू केलं. कुंकू पुसायला माणसं धावली. परत चालू केलं. काही नाही. त्याच्या कपाळावर घाम आला. स्टेटरवरच्या एका फुलाकडे तो बघत राहिला, आणि बघता बघता त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याला ते जेवण आठवलं असावं, चालू ठेवलेले मोजे आठवले असावेत.

"मावशी," तो जवळ येऊन पुटपुटला. "काय केलंस तू?"

"पूजा केली. तूच बोलावलंस."

"ह्या कोण?" इंगवलेसाहेब कडाडले.

"मी शालन मोरबाळे. अठ्ठावीस वर्षं ह्या खांबाशी बसत होते." तिनं आपला उजवा हात वर धरला, करंगळी सगळ्यांना दिसेल असा. "हे चोवीसच्या चोवीस हात माझे हाईत. करंगळ्या बघा त्यांच्या. फिल्म काढतो म्हणून ह्यानं चोरले." पाहुण्यांबरोबरच्या दुभाषी मुलीनं ते शब्द न् शब्द पाहुण्यांना सांगितलं. पाहुणे टेबलांजवळ गेले, करंगळ्या बघितल्या, हिची करंगळी बघितली, आणि आपसांत बोलत बाहेर पडले.

दालन रिकामं झाल्यावर रणधीरनं तिचा हात धरला. लहानपणी अंधाराला घाबरल्यावर धरायचा, तसाच. "मावशी, उठव त्यांना. मी संपलो गं. साहेब मला उभा जाळतील. कसं उठवायचं सांग."

क्षणभर तिनंही त्याचा हात घट्ट धरला. खोटं कशाला बोला, धरला. मग तिला फाटकावरचं कुलूप आठवलं.

"मी एकटीनं कधीच उठवली न्हाईत हत्यारं. दसऱ्याला सगळ्याजणी मिळून उचलायचो. जा, त्या अडतीस जणींना घेऊन ये. एकेकीच्या दारात जायचं, आत जाऊन खुर्चीत बसायचं न्हाई, उंबऱ्याबाहेर उभं राहायचं आणि तोंडानं सांगायचं तू काय केलंस ते. माझं काय केलंस तेपण."

रणधीर गेला. चार दिवस तो भर उन्हात गल्ल्यागल्ल्यांतून फिरला. काही ठिकाणी त्याच्या तोंडावर दार आपटलं; तो परत गेला. एके ठिकाणी अंगावर भांडी धुतलेलं पाणी पडलं. अडतीस दारं त्यानं पुरी केली, आणि पाचव्या दिवशी बायका आल्या, अडतीसच्या अडतीस. टेबलांशी उभ्या राहिल्या, मिळून पट्ट्या उचलल्या. रणधीर बटणावर बोट ठेवून, जीव मुठीत धरून बघत होता.

हात हलले नाहीत. रणधीर मटकन खाली बसला. शालन त्याच्या शेजारून चालत बाहेर गेली. तिनं मागं वळून बघितलं नाही; बघितलं असतं तर कदाचित तिला उठवावं लागलं असतं, त्याला.

---

त्याच दिवशी दुपारी राजाक्का तिच्या उंबऱ्यात आली. दसऱ्यापासून सात महिने ती आली नव्हती. आत येऊन टेबलाशी बसली आणि डबा उघडला. पोळ्या आणि भरलं वांगं, दोघींपुरतं.

"चुकलं गं माझं," ती म्हणाली.

"जेव," शालन म्हणाली.

दोन घास झाल्यावर राजाक्काचं लक्ष मिक्सरशेजारच्या छोट्या हातांकडे गेलं. "तुला ठावं हुतं काय गं, ते हलणार न्हाईत म्हणून?"

"व्हय. अकरा दिवस बघितलं हुतं ह्यांच्यावर."

"पण आपण मिळून उचलली की!"

"उचलली. पण ह्या हातांनी ते कधी बघितलेलंच न्हाई. त्यांनी हत्यार खाली ठेवलेलं बघितलंय. दुसऱ्या दिवशी उचललेलं कुठलं बघणार? दुसऱ्या दिवशी त्यानं फाटकाला कुलूप घातलं. आपला दसरा त्यानं होऊ दिला असता, अर्धा तास नुसता, तर आज त्याची यंत्रं चालली असती."

राजाक्काचा घास हातातच राहिला. "मग त्याला भर उन्हात अडतीस दारं कशाला फिरवलंस?"

"फिरवायचंच हुतं," शालन म्हणाली आणि तिला वांग्याची अजून एक फोड वाढली.